बुल रन, 1861: मॅकडॉवेलचा बेत की बोरगार्डचा?

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या बुल रनच्या लढाईतले दोन सेनापती: मॅकडॉवेल उत्तरेचा, बोरगार्ड दक्षिणेचा. पण दोघेही वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीच्या 1838 च्या एकाच तुकडीतले. 21 जुलै 1861 ला व्हर्जिनियातल्या मनासासजवळ दोघांचे बेतही जुळे निघाले: आपल्या उजव्या बाजूने वळसा घालून शत्रूची डावी बाजू मोडायची.

कागदावर मला मॅकडॉवेलचा बेत सरस वाटतो. लढायची घाई मात्र त्याची स्वतःची नव्हती. उत्तरेतली वर्तमानपत्रं ‘चला रिचमंडला’ (दक्षिणेच्या राजधानीला) म्हणून ओरडत होती, नव्वद दिवसांसाठी भरती झालेल्या शिपायांची मुदतही संपत आली होती. तरी सडली फोर्ड या उतारावर बुल रन ओढा ओलांडून त्याने सकाळीच दक्षिणेची फळी हेन्री टेकडीपर्यंत मागे रेटली. बोरगार्डचे हुकूम इतके गोंधळलेले, की त्याचा हल्ला धड सुरूच झाला नाही!

पण बोरगार्डच्या मदतीला रेल्वे होती. शेनान्डोआ खोऱ्यातून दक्षिणेच्याच जॉन्स्टनची माणसं आगगाडीने येत राहिली; त्यांना तिकडेच अडकवून ठेवणं उत्तरेच्या सेनापती पॅटरसनला जमलं नाही. टेकडीवर दक्षिणेचा जॅक्सन पाय रोवून उभा राहिला. दुपारी उत्तरेची फळी फुटली आणि लढाई बघायला आलेल्या वॉशिंग्टनकरांच्या बग्ग्यांच्या गर्दीत माघारीची पळापळ झाली.