लंडनचं 'क्रिस': रुग्णनोंदी वाचणारी शोधयंत्रणा

'क्रिस' म्हणजे 'क्लिनिकल रेकॉर्ड इंटरॅक्टिव्ह सर्च'. दक्षिण लंडनमध्ये मानसोपचाराची सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या मॉड्स्ली ट्रस्टची ही यंत्रणा लॅम्बेथ, सदर्क, लुइशम आणि क्रॉयडन या चार भागांतल्या मानसोपचाराच्या नोंदी ओळख पुसून संशोधकांपुढे ठेवते. रुग्णाच्या नावाजागी 'झेडझेडझेडझेडझेड' दिसतं.

निदानाचा कोड रकान्यात मिळतो, पण झोप उडाली, गांजा सुरू झाला, औषध का सोडलं, हे सगळं डॉक्टरांनी लिहिलेल्या मोकळ्या मजकुरात असतं. तो वाचायला शेफील्ड विद्यापीठाचं 'गेट' सॉफ्टवेअर वापरलं गेलं. नुसता 'सुइसायडल' (आत्महत्येविषयीचा) शब्द शोधाल तर फसाल. 'डिनाइज सुइसायडल थॉट्स' म्हणजे असे विचार येत नाहीत, असं रुग्णाने सांगितलंय. 'मदर हॅड डिप्रेशन' हा आजार आईचा. फॉर्मचे छापील मथळे आणि जुन्या नोंदीतून चिकटवलेले परिच्छेदही मोजणीत घुसतात. म्हणून आधी काहीशे उतारे दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घ्या, दोघांचं कितपत जुळतं ते पाहा आणि मगच आकडे काढा. चुकीची नोंद पकडली जाण्यापेक्षा एखादी सुटलेली बरी, असं आमचं मत.

मोठी मर्यादा अशी की फॅमिली डॉक्टरकडेच बरा झालेला नैराश्याचा रुग्ण इथे सहसा दिसतच नाही. त्यामुळे आलेख चढला तर आजार वाढला की रेफरल (तज्ज्ञांकडे पाठवले जाणारे रुग्ण) वाढले, हे वेगळं तपासावं लागतं.

सर्वांत आवडलेली गोष्ट: प्रत्येक प्रकल्पाला देखरेख समितीची मंजुरी लागते, माहिती ट्रस्टच्या फायरवॉलबाहेर जात नाही आणि रुग्णाला आपली नोंद वगळायला सांगता येतं.