मुलांची लाइफ जॅकेट: दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंत कोकण किनाऱ्यावर वापरल्यानंतरचा अनुभव

दसऱ्याच्या सुमारास आमच्या दोन मुलांसाठी लाइफ जॅकेट घेतली. फोमची, मानेमागे मोठी कॉलर असलेली, १०० न्यूटन दर्जाची (न्यूटन म्हणजे जॅकेट पाण्यात किती जोराने वर उचलतं त्याचं माप). मुलगी सात वर्षांची, वजन २२ किलो; मुलगा चार वर्षांचा, १५ किलो. तेव्हापासून मे महिन्यापर्यंत ती मांडवा, किहीम, राजपुरी आणि मालवण एवढं फिरली. आता पाऊस लागलाय, होड्या ओढून ठेवल्यात आणि जॅकेट धुऊन वाळवून झालीत. एवढ्या वापरानंतरचं माझं मत असं: लहान मुलांना घेऊन शिडाच्या होडीची सुट्टी आखायची असेल, तर आधी त्यांच्या अंगाला बसणारी जॅकेट घ्या आणि होडी नंतर शोधा. मूल जॅकेट किती वेळ अंगावर राहू देतं, त्यावर बाकीचा सगळा बेत ठरतो.

कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत असताना मी शीड हाकायला शिकले. तेव्हा जॅकेटकडे फारसं लक्ष द्यावं लागत नव्हतं, मापाचं मिळायचं. मुलांना घेऊन निघाल्यावर कळलं की भाड्याच्या होडीत असतात ती जॅकेट मोठ्या माणसांची. मांडव्याला एका होडीवर आमच्या मुलाला दिलेलं जॅकेट मी खांद्याशी धरून वर उचललं, तर ते सरळ त्याच्या कानांच्या वर गेलं आणि मूल खालीच राहिलं. पाण्यात नेमकं हेच होतं: जॅकेट तरंगतं, मूल त्यातून निसटतं. ही परीक्षा कुठेही, एका क्षणात करता येते. मुलाला हात वर करायला सांगायचं आणि जॅकेटचे खांदे धरून उचलायचं. हनुवटी आत बुडाली, तर ते जॅकेट त्याच्यासाठी नाही.

आता न्यूटनबद्दल, कारण दुकानात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. ५० न्यूटनचं जे असतं ते पोहता येणाऱ्यासाठी, मदत हाताशी असताना वापरायचं. ते अंगाला सुटसुटीत, मुलांना आवडतं, स्वस्तही असतं. पण पालथं पडलेल्या माणसाला ते उताणं करत नाही. १०० न्यूटनचं कॉलरवालं जॅकेट तोंड पाण्याबाहेर राहील अशा बेतानेच बनवलेलं असतं आणि किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यासाठी ते योग्य. उघड्या समुद्रासाठी १५० न्यूटन. हे आकडे मोठ्या माणसाच्या हिशेबाचे आहेत. मुलांच्या मापात प्रत्यक्ष उचल वजनाप्रमाणे कमी असते. म्हणून लेबलावर न्यूटनइतकंच वजनही वाचायचं. आमचं एक १० ते २० किलोचं, दुसरं २० ते ३० किलोचं.

आणि इथे आपल्या घरची एक चांगली सवय बाजूला ठेवावी लागते. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो. दुकानदारानेही तेच सुचवलं, धाकट्याला पुढचं माप घ्या, दोन वर्षं जाईल. जॅकेट वाढत्या अंगाचं घेऊ नका. आजच्या वजनाचं घ्या. एकेक जॅकेट आम्हाला तीन हजारांच्या आसपास पडलं. त्या पैशात एक हंगाम निर्धास्त गेला, एवढं मला पुरे आहे.

पायांमधून जाणारा पट्टा हा या जॅकेटचा प्राण आहे. तोच जॅकेटला वर सरकू देत नाही. मुलांना तो आवडत नाही. मुलगी पहिल्या आठवड्यात तो मागे लपवून ठेवायची, मुलगा टोचतो म्हणून रडायचा. आम्ही घरी संध्याकाळी गोष्ट ऐकताना जॅकेट घालून बसायचा नियम केला. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. पातळ सुती चड्डीऐवजी गुडघ्यापर्यंतची जाड चड्डी घातल्यावर टोचण्याची तक्रार जवळजवळ थांबली. नोव्हेंबर उजाडेपर्यंत पट्टा लावल्याशिवाय बाहेर निघायचं नाही हे दोघांच्या अंगवळणी पडलं. हा सराव ज्यांनी केला नाही त्यांनी समुद्रावर पहिल्याच दिवशी तासभराची अपेक्षा ठेवू नये.

दुसरा सराव तरणतलावात. सोसायटीच्या तलावात दोघांना जॅकेट घालून उतरवलं, मी आणि त्यांचे बाबा हाताच्या अंतरावर. मुलगी लगेच उताणी तरंगायला लागली. मुलगा घाबरून पुढे झुकला, जॅकेटवर चढून बसू पाहत होता. लहान मुलं असंच करतात, आणि म्हणूनच हे तलावात व्हायला हवं. त्याला डोकं मागे कॉलरवर टेकवायला, गुडघे पोटाशी घ्यायला आणि शिट्टी वाजवायला शिकवलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो स्वतःहून मागे रेलला आणि आकाशाकडे बघत शिट्टी वाजवत राहिला. त्या दिवसानंतर मी होडी ठरवायला फोन सुरू केले.

होडीच्या बाबतीत मी फार पसारा मांडला नाही. मुक्काम जमिनीवर, होडी फक्त सकाळची. अलिबागजवळ राहून मांडव्याहून चार-पाच माणसांची कीलबोट (तळाशी जड कणा असलेली शिडाची होडी), सोबत त्यांचाच खलाशी. रात्री पाण्यावर राहण्याचा हट्ट पाच वर्षांखालच्या मुलांबरोबर करू नये असं मला वाटतं. मूल झोपेत असताना जॅकेट काढावं लागतं आणि मग आईबापांना झोप लागत नाही.

वेळ सकाळचीच का, त्याला कारण वारा आहे. थंडीत पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. किनाऱ्यालगत तेव्हा पाणी सपाट असतं, कारण लाटा उठायला वाऱ्याला अंतरच मिळालेलं नसतं. उन्हं तापली की तो पडतो, थोडा वेळ सगळं स्तब्ध होतं आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा धरतो. मुलांसाठी मतलईची वेळ सोन्यासारखी. फक्त एक लक्षात ठेवायचं की हा वारा तुम्हाला किनाऱ्यापासून दूर नेतो. परतताना वाऱ्याविरुद्ध नागमोडी यावं लागतं किंवा वारा पडला तर इंजिन लागतं. म्हणून इंजिन चालू स्थितीत आहे ना, हे निघण्याआधी सुरू करूनच पाहायचं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारचा खारा वारा चांगलाच जोर धरतो, होडी कलते, पाणी अंगावर येतं. मला ते आवडतं, पण मुलांना घेऊन दुपारी आम्ही गेलो नाही.

दिवस निवडायला आजीचा हिशेब कामी आला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. मुंबई-अलिबागकडे हे बऱ्यापैकी जुळतं. दक्षिणेकडे वेळ थोडी सरकते, तेव्हा छापील कोष्टकाशी ताडून घ्यावं. आम्ही दशमी ते द्वादशी धरून सुट्ट्या घेतल्या. सकाळी भरती, त्यामुळे चढताना चिखल नाही. शिवाय कोळी ज्याला भांग म्हणतात तो काळ, उधाण नाही, पाण्याला ओढ कमी आणि धक्क्याची पायरी व होडी यांतलं अंतरही फार बदलत नाही. चार वर्षांच्या मुलाला होडीत चढवताना या शेवटच्या गोष्टीचं मोल कळतं. आदल्या रात्री हैदराबादच्या इनकॉइसचा समुद्राचा अंदाज पाहायचा, कारण दूरच्या वादळाच्या लांब लाटा इथे वारा नसतानाही येतात. त्यात इशारा असेल तर बेत रद्द. मुलांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, आणि किनाऱ्यावरचा दुसरा बेत तयार ठेवावा.

या जॅकेटची खरी परीक्षा राजपुरीला झाली. राजपुरीहून जंजिऱ्याला अजून शिडाच्या होड्या जातात आणि मुलांना शीड म्हणजे काय हे दाखवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. मोठं तिरकं शीड, त्याला तोलणारी लांब परबाण (शीड ज्याला बांधतात तो वासा), तांडेलाच्या हातात सुकाणू. प्रवास छोटा, पण मुलांच्या डोळ्यांसमोर सगळं घडतं. तांडेल काका म्हणाले, "ताई, पोरांना मध्ये बसवा, शीड फिरवताना हात बाहेर नको." मुलगी त्यांना एवढे प्रश्न विचारत होती की त्यांनी तिला दोर धरायला दिला.

अवघड भाग किल्ल्याच्या दरवाजाशी. होडी लाटेवर वरखाली होते, पायऱ्या ओल्या, खाली उतरणारी आणि वर चढणारी माणसं एकाच वेळी. धाकट्याला खलाशाने जॅकेटच्या मानेमागच्या उचलपट्टीला धरून, दुसरा हात काखेत घालून वर दिलं आणि वरून बाबांनी तीच पट्टी पकडली. त्या क्षणी होडी हातभर खाली गेली. मूल हवेत, पण दोन हातांत घट्ट. उचलपट्टी शिवण उसवून निघते की काय, हे मी घरी आधीच पाण्याने भरलेली बादली पट्टीला अडकवून पाहिलं होतं. जॅकेट घेताना ही पट्टी ओढून बघा. नुसती शोभेला शिवलेली असेल तर ते जॅकेट घेऊ नका.

म्हणूनच आमचा नियम असा की जॅकेट धक्क्यावर पाऊल ठेवण्याआधी घालायचं आणि परत जमिनीवर आल्यावरच काढायचं. चढणं-उतरणं हीच मुलांची खरी धोक्याची जागा. नियम आम्हा दोघांनाही लागू. आई बिनजॅकेटची बसली तर मूल का घालेल? फेरीबोटीतही आम्ही तो पाळतो. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांना जॅकेट घालायला लावू लागले, पण तुमच्या मुलाच्या मापाचं तिथे असेलच याची खात्री नाही. स्वतःचं बरोबर असलं की हा प्रश्नच उरत नाही.

मालवणला शिडाची होडी आम्हाला मिळाली नाही. सिंधुदुर्गाला जाणाऱ्या बोटी इंजिनाच्या. तरी जॅकेट नेली याचं समाधान आहे. कुडाळपर्यंत रेल्वेने गेलो आणि ती बर्थखाली सहज मावली, मात्र पिशवी भलीमोठी होते. विमानाने जाणार असाल तर फोमच्या जॅकेटला अडचण नाही. फुगणाऱ्या जॅकेटमधल्या वायूच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते.

फुगणारी जॅकेट आम्ही दोघं मोठी माणसं वापरतो, ३३ ग्रॅम वायूच्या नळकांड्याची. मुलांना ती का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पोहता न येणाऱ्या लहान मुलाला पाण्यात पडताक्षणी तरंगवणारं काही हवं, यंत्रणा चालेल की नाही यावर ते अवलंबून नको. शिवाय आपल्या दमट हवेत आतली गोळी, जी पाण्यात विरघळली की जॅकेट आपोआप फुगतं, नुसत्या ओलाव्याने नरम होऊ शकते. पावसाळ्यात आम्ही गोळी आणि नळकांडं काढून कोरड्या डब्यात ठेवतो, नळकांड्याचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडतो.

फोमच्या जॅकेटचा मोठा तोटा म्हणजे उकाडा. जानेवारीत मुलांना ते उबदार वाटलं. एप्रिलमध्ये नऊनंतर मुलाची मान लाल व्हायची, कॉलरखाली घाम साचायचा. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा आत घातला, कॉलरखाली ओला पंचा ठेवला, तरी साडेनऊच्या पुढे त्याची सहनशक्ती संपायची. तेव्हा परत फिरायचं, जॅकेट सैल करायचं नाही. एप्रिलमधल्या सहली यामुळे छोट्या झाल्या आणि त्या छोट्याच असाव्यात.

मळमळीचं थोडक्यात: मुलीला झाली, मुलाला नाही. दोन ते बारा या वयात ती जास्त होते. आलेपाक, आवळा सुपारी, क्षितिजाकडे बघत बसणं आणि फोन-पुस्तक बंद, एवढ्यावर भागलं. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि आधी घरी एकदा देऊन पाहा, कारण काही मुलं त्याने पेंगुळतात.

वापरानंतरची अवस्था सांगते. नारंगी रंग खांद्यावर फिकट झालाय, शिवण शाबूत. प्लास्टिकची चेन चांगली चालते. मुलाच्या शिट्टीत मीठ अडकून आवाज बसला होता, कोमट पाण्यात ठेवल्यावर मोकळी झाली. चकाकणाऱ्या पट्टीचं एक टोक सुटलंय, ते शिवून घेणार आहे. फोम दबलेला नाही, कारण जॅकेटवर कोणालाही बसू दिलं नाही. उशी म्हणून वापरलं की फोम चेपत जातो आणि उचल कमी होते. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवलं. आता उघड्या खुंटीला टांगलंय, पिशवीत बांधलं तर बुरशी धरेल. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक साठवलेला आहे, तो तुम्हीही साठवा. आणि पोरं पडू नयेत म्हणून त्यांना छोट्या, उलटू शकणाऱ्या होडीला दोरीने बांधायचं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका.

मुलगी आता २५ किलोंची आहे, तिचं जॅकेट पुढच्या हंगामातही चालेल. मुलगा १७ च्या पुढे गेलाय. नारळी पौर्णिमेनंतर त्याचं वजन करून, पुन्हा खांदे उचलून आणि तलावात उतरवून बघणार. विसाच्या जवळ असेल तर नवीन घेईन, तेव्हा त्याचं आत्ताचं जॅकेट कोणाच्या मुलाला हवं असेल तर देईन. शिवणीसकट तपासून, वजनाचं लेबल वाचता येईल अशा स्थितीतच.