कोंबाला अडीच हजार

माझा थोरला भाऊ, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो, भाजीचा टेम्पो चालवतो. संध्याकाळी बेळगावात माल भरायचा, चोर्ला घाटातून रातोरात गोव्यात उतरायचा आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत. वाटेत सारखं थांबायला नको म्हणून पाणी कमी, झोप येऊ नये म्हणून चहा जास्त, आणि ढाब्यावर भाकरीबरोबर ठेचा. अशा माणसाला बद्धकोष्ठ झालं नसतं तरच नवल. गेल्या पावसाळ्यात त्याला शौचाच्या वेळी लालभडक रक्त दिसू लागलं. दुखणं असं, की काच चिरत गेल्यासारखं, आणि नंतरही तासन्‌तास आग. त्यानं वहिनींनाही सांगितलं नाही. सीटवर उशी घेऊन बसायला लागला तेव्हा मार्केटातल्या हमालांनी चेष्टा केली आणि त्यांच्यातल्याच एकानं पत्ता दिला.

तालुक्याच्या गावातला, बसस्टँडमागच्या बोळातला एक गाळा. गाव सांगत नाही, कारण तक्रार चालू आहे. बाहेर मराठी, कानडी आणि हिंदीत पाटी: मूळव्याध, भगंदर, फिशर, ऑपरेशन नाही, चिरफाड नाही, भूल नाही, आजच कामावर जा. अनुभव तीस वर्षांचा. स्वतः डॉक्टर जेमतेम पस्तिशीचा. आत टेबलावर काचेची बरणी, तिच्यात पाण्यात बुडवलेले मांसाचे तुकडे. ‘पेशंटचे काढलेले मूळव्याधीचे कोंब’ म्हणून तो ते दाखवतो. त्या बरणीत काय होतं ते देव जाणे, पण अण्णाला ती अजून आठवते.

खरा धंदा पडद्यामागे. अण्णा कुशीवर, भिंतीकडे तोंड, पँट गुडघ्यापर्यंत. मागून बॅटरीचा उजेड. बोट घालून तपासणं नाही, नळी नाही, किती दिवसांचं दुखणं, शुगर आहे का, काही नाही. थेट आकडा: “पाच कोंब आहेत. कोंबाला अडीच हजार.” अण्णा म्हणाला, तीनचेच पैसे आहेत. त्यावर तो म्हणे, “तीन काढून दोन ठेवले तर तेच पुढं कॅन्सर होतात, काका.” मग पुन्हा बॅटरी. “आत आणखी दोन लपलेत.” झाले सात, साडेसतरा हजार. नागव्या अंगानं कोण घासाघीस करणार? अण्णानं तिथूनच गाडीमालकाला फोन लावून उचल मागितली, गाडीचं काम निघालंय म्हणून खोटं सांगून. स्कॅनर बंद आहे म्हणून पैसे रोख. मग सुई. बाटलीवर लेबल नव्हतं एवढं त्याला दिसलं. “आग झाली तर समजायचं औषध लागू पडतंय.”

पावती मागितली तर एक छापील चिठ्ठी मिळाली. तिच्यावर फोन नंबर आणि पथ्यं: वांगं, बटाटा, अंडं, मटण, हरभरा डाळ, चहा, जागरण, उन्हातला प्रवास, सगळं बंद. ही यादी नीट बघा. टेम्पो ड्रायव्हरला ती पाळताच येणार नाही, आणि तिचा उपयोगही तोच. पुढं काही बिघडलं की दोष वांग्याचा.

दोन-तीन दिवसांत अण्णाला थंडी वाजून ताप भरला, मागची जागा टणक सुजली आणि लघवी अडली. मग मात्र वहिनींना कळलं, त्यांनी मला बोलावलं आणि आम्ही त्याला शहरात सर्जनकडं नेलं. मी आत उभा होतो. डॉक्टरांनी आधी काय करणार ते सांगितलं, मग हातमोजा घातला. सुईच्या जागचं मांस काळं पडून सडत होतं आणि शेजारी पू साचला होता. त्याच दिवशी भूल देऊन तो पू काढावा लागला. उशीर झाला असता, त्यात शुगर असती, तर हा संसर्ग भराभर पसरून जिवावर बेतला असता, असं ते म्हणाले.

आणि मूळव्याध? ती बहुधा नव्हतीच. अण्णाला होतं फिशर, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला गेलेली चीर. कडक शौचानं ती पडते आणि तिथला स्नायू आवळून धरतो म्हणून भरत नाही. नवी चीर बहुतेकांची ऑपरेशनशिवाय भरते: शौच मऊ राहील असा आहार आणि औषध, दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं, आणि तो स्नायू सैल करणारं डिल्टियाझेम किंवा नायट्रोग्लिसरीनचं मलम. सहा-आठ आठवडे धीर धरायचा. ज्या दुखण्याला मलम पुरलं असतं त्यावर सात कोंबांचे पैसे गेले.

कोंबांचा हिशेबही डॉक्टरांनी समजावला. आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात, साधारण तीन. त्या सुजून खाली सरकल्या की ती मूळव्याध. आतल्या मूळव्याधीत रक्त पडतं, पण सहसा दुखत नाही, कारण तिथं वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. चिरल्यासारखं दुखणं हेच मुळात दुसऱ्या आजाराकडे बोट दाखवत होतं. बाहेरच्या बाजूला अचानक निळसर, खूप दुखणारी गाठ आली तर ती साकळलेल्या रक्ताची असते, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडं गेलं तर ती काढून लगेच आराम देता येतो. ठणकणारी सूज आणि ताप म्हणजे गळू. त्याला त्याच दिवशी दाखवायचं. गळू फुटून गेल्यावरही एका भोकातून पुन्हापुन्हा पू येत असेल तर भगंदर. ते गोळ्यांनी बुजत नाही.

सुईचाही उपचार असतो, हे मला नवीन होतं. लहान, आतल्या मूळव्याधीत बदाम तेलात मिसळलेलं सौम्य फिनॉल ठरावीक जागी, मोजून टोचतात. रबराचं कडं लावूनही कोंब सुकवतात. पण तिथं आधी नळी घालून बघतात, आणि चिरेवर तर ही फिनॉलची सुई कुणीच मारत नाही. कमी शिकलेल्या हातात तेच औषध तीव्र करून, चुकीच्या जागी गेलं की मांस जळतं. नंतर ती जागा आकसते किंवा शौचावरचा ताबा जातो. अण्णाची आकसली आहे. ती रुंद करून घ्यायला अजून जावं लागतं.

आयुर्वेदाला मी नावं ठेवत नाही, उलट तो भामटाच स्वतःला आयुर्वेदिक म्हणवून घेत होता म्हणून सांगतो. भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटं दिलेला दोरा, हा खराखुरा उपचार आहे. साधारण आठवड्याला दोरा बदलतात. तो शल्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या वैद्यांकडं करायचा. बेळगावात शहापूरला आयुर्वेद महाविद्यालयच आहे. ऐपत नसेल तर सिव्हिलमध्ये, म्हणजे बिम्समध्ये, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

एक गोष्ट डॉक्टरांनी अण्णाबरोबर मलाही बजावली, कारण आम्ही दोघांनीही पंचेचाळिशी ओलांडली आहे. रक्त काळपट असेल, शौचात मिसळून येत असेल, शौचाची सवय बदलली असेल, पोट साफ न झाल्यासारखं सारखं वाटत असेल, वजन उतरत असेल किंवा तपासणीत अंगातलं रक्त (हिमोग्लोबिन) कमी निघालं असेल, तर मूळव्याध म्हणून पुड्या खात बसायचं नाही. दुर्बिणीनं आतडं तपासून कॅन्सर नाही याची खात्री करायची. बोटानं तपासलं तरी गुदाशयातल्या कितीतरी गाठी हाताला लागतात. बॅटरीवाल्याकडं नुसती उघड्यावरची चामडी दिसते.

आम्ही पैसे मागायला गेलो तेव्हा त्यानं पहिला प्रश्न विचारला: “काय खाल्लं?” अण्णा प्रामाणिक, म्हणाला चहा घेतला होता. “मग!” विषय संपला. मी रजिस्ट्रेशन विचारलं तर म्हणाला, महाराष्ट्राचं आहे. मग कर्नाटकात दवाखाना कसा? त्यानं भिंतीवरच्या फ्रेमकडं बोट दाखवलं. कानडी मजकूर, गोल शिक्का, खाली सही. मी मोबाइलवर फोटो काढला आणि घरी पुतण्याला दाखवला. तो कानडी माध्यमात शिकतो. त्यानं वाचून सांगितलं, “काका, हा दुकानाचा परवाना आहे की.” नगरपालिकेचा, धंद्याचा. आपल्याकडच्या मराठी माणसाला कानडी शिक्का म्हणजे सरकारी, एवढंच कळतं, आणि हद्दीपलीकडून, चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्याला तेवढंही नाही. याच्यावरच त्याचं पोट.

कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या कायद्याखाली, ज्याला केपीएमई म्हणतात, नोंदणी लागते आणि तो नंबर दर्शनी लावावा लागतो. पुतण्याकडून कानडीत अर्ज लिहून घेऊन आम्ही जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांच्या कचेरीत दिला. सोबत सर्जनचे कागद, काळ्या पडलेल्या जागेचे फोटो आणि ती पथ्याची चिठ्ठी. पोच घेतली. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, पण तिथं पैसे दिल्याचा पुरावा विचारतील, आणि आमच्याकडं आहे तो फक्त गाडीमालकानं उचल पाठवल्याचा मेसेज. गाळा सध्या बंद आहे. हद्दीपलीकडं दुसऱ्या नावानं उघडलाय अशी कुजबुज आहे, मी स्वतः पाहिलेला नाही.

अर्ज दिल्याचं कळल्यावर आमच्याच गल्लीतले दोघं मला वेगवेगळे गाठून हळूच म्हणाले, आम्हीपण तिथं गेलो होतो. सही द्या म्हटलं तर दोघंही हसून गेले. म्हणून लिहितोय. त्या बोळात तुम्ही किंवा घरचं कुणी गेलं असेल तर चिठ्ठी, पुडी, गाळ्याचा फोटो, फोनवरचं बोलणं, काहीही असो, टाकून देऊ नका. अर्जात आजाराचं वर्णन लागत नाही; कुणाला, कधी, किती पैसे दिले आणि नंतर कुठं उपचार घेतले, एवढं पुरतं. कानडी येत नसेल तर पुतण्या लिहून देतो म्हणालाय.