गिअरची सायकल, एमएसयूचं वर्ष आणि तुटलेलं कॅरिअर

कॅरिअर तुटलं म्हणून हे लिहायला घेतलं. नाहीतर सायकल बरी चालली होती आणि चार तारे देऊन मी मोकळी झाले असते. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत: २१ गिअर, पुढे सस्पेंशन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २६ इंची चाकं. कंपनीचं नाव देत नाही, कारण माझी तक्रार या किमतीच्या जवळजवळ सगळ्याच सायकलींना लागू आहे. २०२४ च्या जूनमध्ये घेतली, ११,५०० रुपयांना. मडगार्ड, स्टँड आणि कॅरिअर यांचे पैसे वेगळे. सायकलला स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो, ही गोष्ट आमच्या घरी अजून कुणाला पटलेली नाही.

मी बडोद्याची. घर फतेहगंजला, शिक्षण टेक्नॉलॉजीला, मेकॅनिकल, दुसरं वर्ष. बाहेरगावच्या मुलांसाठी एक गोष्ट आधी सांगते, कारण सायकलीचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. आमचं विद्यापीठ, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठ (एमएसयू), एका कुंपणात नाही. आर्ट्स आणि सायन्स सयाजीगंजला, फाइन आर्ट्स तिथूनच पुढे पुष्पबागेत, परफॉर्मिंग आर्ट्स थेट सुरसागरच्या काठावर, आणि आम्ही कलाभवनात, दांडिया बाजारच्या पलीकडे. विद्यापीठ १९४९ चं, पण कलाभवन १८९० चं आणि सुरसागरची गायनशाळा १८८६ ची. सयाजीराव महाराजांनी ज्या त्या जागी ज्या त्या संस्था उभ्या केल्या, विद्यापीठ नंतर त्यांच्याभोवती झालं. त्यामुळे एकाच विद्यापीठात शिकणाऱ्या दोन मैत्रिणींच्या मध्ये विश्वामित्री नदी, एक पूल आणि अख्खा रावपुरा येतो.

आणि वेळ कुणाकडेच नसतो. टेक्नॉलॉजीत सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल नाहीतर वर्कशॉप, संध्याकाळी फाइल आणि ड्रॉइंगची शीट. फाइन आर्ट्सवाल्यांना सगळे निवांत समजतात. माझी शिल्पकलेची मैत्रीण ज्युरीच्या, म्हणजे कामाच्या परीक्षणाच्या, आधी स्टुडिओतून बाहेर पडत नाही, आणि पडते तेव्हा कोपरापर्यंत प्लास्टर असतं. तबल्याला असलेला आमचा मित्र पहाटे रियाझाला बसतो, म्हणजे रात्रीचा तो कुणाच्या कामाचा नाही. अशात ‘भेटू या’ म्हटलं की भेट होत नाही. ‘घ्यायला येते’ म्हटलं की होते. पुष्पबागेतून तिला उचलायचं, काळा घोडा, पूल, कोठी, रावपुरा करत सुरसागरला यायचं, तिथे शेव-उसळीची एक प्लेट, की झाला आठवड्याचा कार्यक्रम. हा सगळा व्यवहार डबलसीटवर चालतो.

म्हणून सायकल घेताना मी गिअरबद्दल काहीच विचारलं नव्हतं. एकच विचारलं होतं: कॅरिअरवर माणूस बसेल ना? काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘बिनधास्त बसवा.’ ७५० रुपयांचं अॅल्युमिनियमचं कॅरिअर बसवून दिलं. दिसायला सुरेख, काळं, मॅट.

पहिले दोन महिने मी या सायकलीवर नाराज होते आणि कारण गिअर होते. उतरणीला चेन खडखडायची, गिअर मनाला येईल तेव्हा बदलायचा. त्यात ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री चढली. धोक्याची पातळी २५ फूट, पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, मगरी वस्तीत फिरू लागल्या, आणि आमच्या पार्किंगमध्ये सायकल हँडलपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर बाहेर काढली तेव्हा ती गाळाच्या एकाच रंगाची झाली होती. फ्री सर्व्हिसचं कार्ड घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला, पुराची सायकल फ्रीमध्ये बसत नाही. अर्ध्या बडोद्याच्या घरात पाणी शिरलेलं असताना हे वाक्य ऐकवायचं, याचा राग मला अजून आहे.

मग मांडवीकडे एक जुने सायकलवाले काका आहेत त्यांच्याकडे नेली. त्यांनी दोन्ही हब उघडले, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं, फ्रीव्हीलमधला गाळ काढला, केबल बदलल्या, मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, वाकलेला कान सरळ केला. सगळं मिळून ६०० रुपये. आणि त्यानंतर गिअर असे लागायला लागले की मला माझं मत बदलावं लागलं. गिअर पहिल्या दिवसापासून नीट लावलेलेच नव्हते. दुकानातून सायकल मिळते ती फक्त जोडलेली असते, ट्यून केलेली नसते. नवीन सायकल घेतलीत तरी लगेच एखाद्या जाणत्या माणसाकडून गिअर लावून घ्या, १०० रुपयांत वर्षाचा त्रास वाचतो.

गिअरचा खरा उपयोग मला पुलावर कळला. मागे माणूस बसलेला असताना साध्या सायकलवर पुलाचा चढ आला की पेडलवर उभं राहावं लागतं, सायकल डोलते, मागची घाबरते. इथे दोन गिअर खाली टाकायचे आणि बसल्याबसल्या चढायचं. मागच्या टायरमध्ये हवा मात्र भरपूर हवी. टायरच्या कडेला पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा छापलेला असतो, डबलसीटला त्याच्या वरच्या टोकाजवळ ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली जाते.

डबलसीटची एक गोष्ट गाडीवाल्यांना कळणार नाही. सायकलवर मागचा माणूस पाठीशी बोलतो. तोंड दिसत नाही, उत्तर लगेच द्यावं लागत नाही, पेडल मारणाऱ्याला दम लागलेला असतो. ऑक्टोबरात एका संध्याकाळी माझी मैत्रीण कोठीपर्यंत गप्प होती. रावपुऱ्याच्या गर्दीत शिरलो तेव्हा म्हणाली, ‘मी कोर्स सोडतेय. घरी अजून सांगितलं नाहीये.’ मी मागे वळून बघू शकत नव्हते, समोर रिक्षा होती. ती सुरसागरपर्यंत बोलत राहिली: ज्युरीत काय ऐकून घ्यावं लागलं, पैसे किती लागतात, तिच्या बॅचमध्ये सगळे तिच्यापेक्षा पुढे आहेत असं तिला कसं वाटतं. मी फक्त ‘हं’ आणि ‘मग?’ एवढंच म्हणत होते. कँटीनच्या टेबलावर समोरासमोर बसून तिनं यातलं काहीही सांगितलं नसतं, मी तिला शाळेपासून ओळखते. तिनं कोर्स सोडला नाही. पुढे तिनं सरांशी बोलून विषय बदलून घेतला. पण ते ती पहिल्यांदा उच्चारू शकली ती या कॅरिअरवर, आणि म्हणून कॅरिअर हा माझ्यासाठी सायकलीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. ज्याला अतिशयोक्ती वाटेल त्यानं एकदा सबमिशनच्या आठवड्यात कुणाला तरी अर्धा तास निवांत गाठून दाखवावं.

नवरात्रात आणखी एक उणीव कळली. फाइन आर्ट्सच्या गरब्याला दोघी निघालो होतो, तिच्या चणियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर मागच्या चाकाकडे ओढला जायला लागला. गिअरच्या सायकलींना साडीगार्ड नसतो. आरे उघडे, शेजारी डिस्क फिरतेय. तिनं घेर गुडघ्यापर्यंत गोळा करून ओढणीनं बांधला, तेव्हा निघता आलं. मुली घागरा, साडी, ओढणी यातलं काहीच न घालता सायकलवर बसतात असं या सायकली बनवणाऱ्यांना वाटतं का, हे मला खरोखर विचारायचं आहे.

कॅरिअर तुटलं जानेवारीत, जेल रोडवर. सुदैवानं वेग कमी होता. आधी टक् असा आवाज आला, मग कॅरिअर डावीकडे कललं आणि मैत्रीण उतरता उतरता गुडघ्यावर पडली. खरचटण्यावर निभावलं. तिचे आर्मेचरचे, म्हणजे शिल्पाच्या आतल्या सांगाड्याचे, गज आणि माझी शीटची नळी रस्त्यावर. मागे बस असती तर काय, हा विचार मी पूर्ण करत नाही.

दुसऱ्या दिवशी तुटका भाग घेऊन कॉलेजात गेले आणि वर्कशॉपमधल्या सरांना दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला आणि मला म्हणाले, काय दिसतंय सांग. तुटलेल्या तोंडाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग काळपट, गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यासारख्या बारीक रेघा. उरलेला भाग चकचकीत आणि खरबरीत. म्हणजे तडा वेल्डच्या काठाला कधीच पडलेला होता, रोज थोडा थोडा सरकत होता, आणि त्या दिवशी फक्त उरलेलं तुटलं. फटीग, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण बसून धातू तुटणं, आम्ही पुस्तकात शिकतो. पोलादाला ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळपास कितीही फेरे सोसतं. अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, लहान झटकेसुद्धा साठत जातात. बडोद्याचे रस्ते पुरानंतर कसे झाले होते ते बडोदेकरांना सांगायला नको.

मग कॅरिअर उलटं केलं. खालच्या पट्टीवर, माणूस कधी बघणार नाही अशा जागी, कोरलेलं होतं: कमाल २५ किलो.

दुकानात गेले. मॅनेजर म्हणाला, ‘बेन, आ डबल सवारी माटे नथी, लखेलुं छे.’ (ताई, हे डबलसीटसाठी नाही, लिहिलेलं आहे.) लिहिलेलं आहे हे खरं, पण विकताना तुमच्या माणसानं काय सांगितलं? तो मुलगा नोकरी सोडून गेला म्हणे. वॉरंटी फक्त फ्रेमवर. वेल्ड करून द्या म्हटलं तर अॅल्युमिनियमला साधं वेल्डिंग चालत नाही, आर्गन लागतं, ते बाहेरून करून घ्या. बाबा म्हणाले, साडेसातशेसाठी किती चकरा मारशील, सोड. मला सोडायचं नव्हतं. शब्द देऊन विकलेली वस्तू होती आणि माझी मैत्रीण रस्त्यावर पडली होती. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली, बिलाचा आणि तुटक्या भागाचा फोटो जोडला. काही आठवड्यांनी दुकानातून फोन आला आणि कॅरिअरचे पैसे परत मिळाले. चूक झाली असं मात्र कुणी म्हटलं नाही.

त्या पैशात मांडवीच्या काकांकडून जुन्या काळ्या सायकलीचं लोखंडी कॅरिअर घेतलं. ३५० रुपये, वर १०० मजुरी. माझ्या फ्रेमला कॅरिअरसाठी भोकं नाहीत, म्हणून वरच्या बाजूला पत्र्याच्या क्लिपा मारल्या आणि खालचे पाय थेट मागच्या एक्सलच्या नटाखाली घेतले. डावीकडे डिस्कचा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, आडवा येत होता. काकांनी पाय शेगडीवर लाल करून बाहेरच्या बाजूला वाकवला, लावून बघितला, पुन्हा तापवला. नट पूर्ण बसल्यावर बाहेर आटे शिल्लक राहतात का ते बोटानं चाचपून पाहिलं, आणि मगच बोल्ट आवळले. दोन्ही बाजूंना साडीगार्डची जाळी लावली. मग मला म्हणाले, आता तू बस, मी चालवतो. दुकानापासून मांडवी दरवाजापर्यंत मला मागे बसवून त्यांनी चक्कर मारली.

वजन दोनेक किलोनं वाढलं. दिसायला ते विजोड आहे, कॉलेजात मुलं विचारतात. पण कॅरिअर जराही हलत नाही. गज, शीट, मातीची पिशवी आणि मैत्रीण, सगळं गेलंय त्यावरून.

आई म्हणते, एवढं करण्यापेक्षा जुनी अॅक्टिव्हा घ्यायची. जुनी अॅक्टिव्हासुद्धा ३५–४० हजारांची, वर पेट्रोल, आणि इतके पैसे घरून मागणं मला शक्य नाही. शिवाय पाच किलोमीटरच्या आतल्या शहरासाठी ते मला नकोही आहे.

आताचं मत असं: सायकलीला साडेतीन तारे, गिअरचे वाढवलेत, दुकानाला एकही नाही. ब्रेक डबलसीटलाही पुरतात, फक्त मागचे पॅड लवकर झिजतात, माझे एकदा बदलून झाले. सीट पहिल्याच महिन्यात बदला. मागे सस्पेंशन असलेली सायकल घेऊ नका, तिचं मागचं चाक फ्रेमपासून वेगळं हलतं, त्यामुळे असं कॅरिअर तिला बसतच नाही. आणि सीटच्या नळीला एकाच क्लँपनं लटकणारं कॅरिअर तर डब्यासाठीही घेऊ नका.

जूनमध्ये पहिल्या वर्षाची मुलं पुन्हा त्याच दुकानांत जातील. कॅरिअरवर माणूस बसेल असं दुकानदार म्हणाला, तर ते बिलावर लिहून मागा. लिहून देत नसेल तर कॅरिअरशिवाय सायकल घ्या आणि लोखंडी कॅरिअर बाहेरून बसवा. जाताना एक्सलचे नट घेऊन जा, क्विक रिलीज, म्हणजे नटाऐवजी खटक्यानं सुटणारा एक्सल, असेल तर आधी तो बदलावा लागतो.