धोरडोच्या तंबूचे बनावट बुकिंग: ४१,९५० रुपये कसे गेले

कच्छचे पांढरे रण पौर्णिमेच्या रात्री पाहावे म्हणून धोरडोजवळच्या तंबूनिवासाचे जे बुकिंग मी ऑनलाइन केले, ते साफ बनावट निघाले आणि त्यात माझे ४१,९५० रुपये गेले. हे लिहिताना लाज वाटते, कारण अशा बातम्या वाचून "लोक फसतात तरी कसे" असे म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो. रणोत्सवाच्या, म्हणजे तिथल्या हिवाळी पर्यटन महोत्सवाच्या हंगामात पौर्णिमेच्या तारखांना जागा मिळणे कठीण असते आणि या टोळ्या नेमक्या त्याच घाईवर जगतात.

प्रकार ओळखीचाच आहे. शोधल्यावर सर्वांत वर दिसलेली जाहिरात, सरकारी वाटावे असे नाव, व्हॉट्सॲपवर आलेले माहितीपत्रक आणि "सर, पूनम की डेट में दो ही टेंट बचे हैं" अशी घाई. चौघांचे दोन रात्रींचे पॅकेज ५२,४०० रुपयांचे होते. त्यातले निम्मे, म्हणजे २६,२०० रुपये मी आगाऊ भरले. त्यानंतर सीमाभागाच्या "खास परवान्या"चे माणशी १,५०० प्रमाणे ६,००० आणि मिठावरच्या जीप सफारीचे ९,७५० रुपये घेतले गेले. पैसे पाठवताना पडद्यावर संस्थेचे नव्हे, कुणा एका व्यक्तीचे नाव दिसले, तेव्हा "मालकांचे खाते आहे" असे उत्तर मिळाले. असे नाव दिसले की तिथेच थांबा, खुलासा विचारत बसू नका. उरलेली रक्कम पोहोचल्यावर द्यायची होती, आणि जो सगळे पैसे आधी मागत नाही तो लबाड नसावा, असा हिशेब माझ्या जागी कोणीही केला असता.

मला अजून झोंबते ती त्या माहितीपत्रकातली जीप. पातळ पाण्यात उतरलेले आकाशाचे प्रतिबिंब आणि मधोमध उभी असलेली ती गाडी. तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला होते. आपल्याकडे ते उजवीकडे असते हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे, आणि मी तर तो फोटो बोटांनी मोठा करून आईवडिलांना कौतुकाने दाखवला होता. ते छायाचित्र कच्छचे नव्हतेच. ते बोलिव्हियातल्या उयुनीच्या मीठपठाराचे होते, जे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे आणि जिथे गाड्या खरोखरच मिठावरून धावतात. आपल्या रणात पावसाळ्यात समुद्राचे आणि नद्यांचे पाणी पसरते, ते आटले की मिठाचा पांढरा थर उरतो, पण त्या थराखाली पुष्कळ ठिकाणी काळा, ओला चिखल तसाच असतो. म्हणूनच पर्यटकांच्या गाड्या मिठाच्या थराच्या अलीकडेच थांबवतात आणि पुढे पायी किंवा उंटगाडीने जावे लागते. जीप थेट मिठावर कशी जाईल, हा प्रश्न मी विचारला होता, हे मुद्दाम नमूद करतो. "आम्हाला खास परवानगी आहे" असे सांगून त्या व्हॉट्सॲपवरच्या दलालाने त्याच परवानगीचे पैसे माझ्याकडून उकळले.

रणाच्या वाटेवर परवाने तपासणाऱ्या भिरंडियाराच्या नाक्यावर सगळे उघड झाले. मोबाइलवरच्या परवान्यावर राजमुद्रा होती, शिक्का होता, आईचे वयसुद्धा अचूक होते. फक्त गाडीच्या क्रमांकाची जागाच नव्हती. कर्मचाऱ्याने तो दोन सेकंद पाहिला आणि फोन परत केला. खरा परवाना त्याच नाक्यावर ओळखपत्रे दाखवून मिळाला आणि चार माणसे व गाडी मिळून ५०० रुपयेही लागले नाहीत. परवाना सरकारी संकेतस्थळावरूनही काढता येतो, त्यामुळे त्यासाठी दलाल मुळात लागतच नाही. तंबूनिवासाच्या नोंदवहीत आमचे नाव नव्हते आणि व्हॉट्सॲपचा क्रमांक तोवर बंद झाला होता. त्यामुळे रण पाहून आम्ही रात्री उशिरा सुमारे ८० किलोमीटर मागे, भुजला मुक्कामाला आलो.

यापुढची कहाणी फसवणुकीपेक्षा संतापजनक आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर नोंद झाली, पण पैसे पाठवून बरेच दिवस उलटले होते. ही मदतवाहिनी पहिल्या काही तासांतच खरी उपयोगाची, आणि ज्याला आपण फसलो हे नाक्यावर पोहोचल्यावरच कळते त्याने काय करावे, याचे उत्तर कोणाकडे नाही. तिथल्या पोलिसांनी सांगितले की पैसे तुमच्या गावातून गेले, तक्रार तिकडे करा. गावातल्या पोलिसांनी सांगितले की प्रकार कच्छमधला आहे, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील प्रत पुढे ठेवून दाखवले, तेव्हा "साहेब आल्यावर बघू" म्हणून मला बाकावर बसवून ठेवले. (तुम्ही जाल तेव्हा लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.) बँकेचे म्हणणे असे की पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, सबब जबाबदारी आमची नाही. मग ज्या खात्यात पैसे गेले ते खाते ओळख तपासूनच उघडले असेल ना, त्या खातेदाराला कोणी का विचारत नाही? पर्यटन मदतवाहिनीने "ते संकेतस्थळ आमचे नाही" एवढेच ऐकवले, जणू मी ते सिद्ध करायला फोन केला होता. जाहिरातीविरुद्ध केलेल्या तक्रारीवर आभाराचा यांत्रिक संदेश आला आणि जाहिरात मात्र आजही दिसते.

बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माझी मुदत संपताच मी जाणार आहे. तंबू कोणताही ठरवा, पण क्रमांक जाहिरातीतून उचलू नका, राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या संकेतस्थळावरून घ्या, आणि माहितीपत्रकावरून व्हॉट्सॲपवर व्यवहार ठरवूच नका. सध्या फसवणाऱ्याच्या त्या खात्यात माझे ३,२१२ रुपये गोठवले गेले आहेत, ते सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा असे मला सांगण्यात आले आहे, आणि त्या अर्जासाठी वकिलांनी ५,००० रुपये सांगितले आहेत.