युद्धात प्रश्न कधी विचारायचे: १९६२ की १९९९?

युद्ध पेटलं की बीड-लातूरकडच्या पारावर एकच वाक्य ऐकू येतं: "पोरं सीमेवर हायेत, आता सरकारला काई बोलू नका." ज्याच्या घरचं पोरगं फौजेत आहे, त्याची ही तळमळ खरी आहे. पण दोन युद्धं शेजारी ठेवून बघा.

१९६२. चिनी फौजा आत घुसलेल्या. जवानांच्या अंगावर सुती गणवेश, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि वर हिमालयातली थंडी. राज्यसभेतले तरुण खासदार वाजपेयी यांनी अधिवेशन बोलवायची मागणी केली. नेहरूंनी ८ नोव्हेंबरला, लढाई चालू असतानाच, संसद भरवली आणि टीका ऐकून घेतली. स्वपक्षातूनही दबाव आला, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचं पद गेलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले.

१९९९, कारगिल. लोकसभा विसर्जित होती. विरोधकांनी राज्यसभेचं अधिवेशन मागितलं. पंतप्रधान वाजपेयींच्या सरकारने ते बोलावलं नाही. चौकशीसाठी सुब्रह्मण्यम समिती नेमली ती लढाई संपल्यावर. तिचा अहवाल बराचसा जाहीर झाला हे मात्र चांगलं झालं. १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही.

तरी माझं मत १९६२ च्या बाजूने. तुकड्या कुठं हलतायत हे कुणी विचारू नये, बरोबरच आहे. पण बूट का नाहीत, हे विचारायला लढाई संपायची वाट कशाला बघायची? सत्तेला न पटणारं बोललं की द्रोही ठरवलं जातं, हे आपल्या मराठवाड्याने तरी विसरू नये. निजामाच्या राज्यात भारतात विलीन व्हा असं लिहिणाऱ्या शोएबुल्ला खान या संपादकाला १९४८ च्या ऑगस्टमध्ये मारलं गेलं. तिथल्या सत्तेच्या लेखी तोही द्रोहीच होता.