झाडीतल्या घराला बाहेरून रंग देणार असाल तर आधी हे वाचा, आमचे ४५ हजार गेले

आमचं घर संभाजीनगरला बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात. वडिलांनी प्लॉट घेतला तेव्हा नुसतं माळरान होतं, त्यांनीच दोन कडुलिंब, एक जांभूळ आणि मागं आंबा लावला. वडील आता नाहीत, झाडं दोन मजल्यांच्या वर गेलीत. मे महिन्यात गावभर आग पडत असती तरी आमच्या पोर्चमधे दुपारी बसवतं, त्या सावलीसाठी मी काहीही करीन. पण त्याच सावलीमुळं उत्तरेकडच्या भिंतीला ऊन असं लागतच नाही. पावसाळ्यात तिच्यावर हिरवं शेवाळ धरतं, उन्हाळ्यात तेच वाळून काळं पडतं, सज्जाच्या खाली तर काजळी धरल्यासारखे ओघळ. पाहुणे आले की आईला ते फार लागायचं.

गेल्या मे मधे दोघंजण मोटारसायकलवर आले, मागं पिवळी प्रेशर मशीन बांधलेली. एकानं आईला पाहून वाकून नमस्कार केला, म्हणला "मावशी, भिंत लई खराब झाली, पैसे देऊ नका, एक पट्टा फुकट धुवून दाखवतो". आणि त्यानं खरंच चार फुटाचा पट्टा धुतला. काळ्या भिंतीतून असा लख्ख पांढरा पट्टा निघाला की शेजारचे काका कंपाउंडवरून बघायला आले. माझं मन तिथंच फिरलं, खरं सांगतो. भाव-बिव नंतर झाला, आधी तो पट्टा झाला.

भाव सांगितला ३४ रुपये चौरस फूट. १४०० फूट भिंत, म्हणजे ४७,६००, घासाघीस करून ४५ हजारावर आलं. त्यात धुणं, "नॅनो केमिकल", दोन हात एक्स्टिरियर रंग आणि सात वर्षांची गॅरंटी. मटेरियलला म्हणून ३० हजार अ‍ॅडव्हान्स मागितला, मी यूपीआयनं टाकला. स्क्रीनवर भलत्याच एका बाईचं नाव आलं, विचारलं तर म्हणला "वहिनीचं खातं आहे सर, माझं केवायसीला अडकलंय". तिथंच थांबायला पाहिजे होतं. पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेले की पुढं तो माणूस हातात सापडत नाही, हे मी आता शिकलो.

दुसऱ्या दिवशी चौघं आले. निळ्या कॅनमधून काहीतरी फवारलं, कॅनवर लेबल नाही, वास फिनाइलसारखा. रंगाच्या बकेटी नामांकित कंपनीच्या होत्या पण झाकणं आधीच फोडलेली, एक वीस लिटरची भरलेली, दुसरी अर्धी. म्हणले "शेड दुकानातच मिक्स करून आणलाय". नवीन बकेटीला सील असतं, वर बॅच नंबर न तारीख असते, बऱ्याच कंपन्यांच्या बकेटीत पेंटरसाठी टोकनही निघतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि हिशोब बघा, चांगला एक्स्टिरियर रंग दोन हातात लिटरला साधारण पन्नास-पंचावन्न फूट जातो, म्हणजे १४०० फुटाला पंचवीस ते अठ्ठावीस लिटर लागणार. यांनी ३० लिटर आणलेला दाखवला म्हणजे हिशोब बरोबरच वाटला, पण आतलं पाणी कोण मोजणार? सकाळी धुतलेली भिंत दुपारी रंगवायला घेतली, प्रायमर नाही की काही नाही.

दोन दिवस आईनं त्यांना जेवू घातलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा. तो पोरगा म्हणायचा "मावशी, घरच्यासारखं वाटायलंय". आईला आजही पैशापेक्षा ते वाक्य जास्त टोचतं.

जाता जाता झाडांचं काढलं. म्हणला, "सर, हे दोन लिंब काढून टाका, ऊन येईल, शेवाळ धरायचंच नाही, तोडायचे पैसे नको, लाकूड आम्ही नेतो". आमचे शेजारी महापालिकेतून रिटायर झालेत, ते तिथंच बोलले की शहरात झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे, स्वतःच्या आवारातलं असलं तरी. तो गप्प झाला. फुकटात तोडतो म्हणणाऱ्याला लाकडाचे पैसे मिळणार असतात, आणि केस झाली तर ती घरमालकावर. वडिलांच्या हातचे ते लिंब त्या एका वाक्यानं वाचले. उरलेले १५ हजार मी त्याच संध्याकाळी दिले, भिंत चकचकीत दिसत होती ना. गॅरंटी कार्डवर गोल शिक्का, मोबाइल नंबर, पत्ता म्हणून नुसतं "मेन रोड". जीएसटी नंबर नाही, पक्कं बिल नाही.

मृग लागला. दुसऱ्या-तिसऱ्या पावसात आई अंगणातून हाका मारायला लागली. जाऊन बघतो तर भिंतीवरून दुधासारखं पाणी शहाबादी फरशीवर उतरायलंय, गटारापर्यंत पांढरी धार. पाऊस उघडल्यावर आईनं पदराचं टोक भिंतीवर घासलं, पदराला पांढरं पीठ लागलं, गिरणीतून आल्यासारखं. मला दाखवलं आणि काही न बोलता आत गेली.

फोन केला, "सर, पाऊस उघडू द्या, एक हात मारून देतो". ऑगस्टमधे म्हणला घरात आजारपण आहे. महालक्ष्म्या बसल्या त्या आठवड्यात नंबरच बंद.

तोवर भिंत हिरवी झाली होती, पहिल्यापेक्षा वाईट. ते का, हे मला गुलमंडीकडच्या एका जुन्या मिस्त्रीनं दाखवलं. त्यानं खिशातून किल्ली काढून पोपडा उचलला, खाली गिलाव्याची वाळू उघडी. मशीनचा फवारा जवळून मारला की जुन्या गिलाव्यावरची सिमेंटची साय निघून जाते, मग भिंत खरबरीत होते, पाणी जास्त पिते आणि शेवाळाला धरायला जागा मिळते. वरचा रंग घरात मारायचं डिस्टेंपर होतं, पाणी घालून पातळ केलेलं. बाहेरच्या रंगात बुरशी-शेवाळ रोखायचं औषध मिसळलेलं असतं, यात कुठून असणार.

मग तो म्हणला, "दादा, रंगाचं सोडा, पाणी कुठून यायलंय ते सांगा". आणि गच्चीवर चढला. लिंबाचा पाला आणि जांभळाच्या बिया साचून गच्चीचा पाइप पार बुजलेला, पाऊस आला की पाणी कठड्यावरून त्याच भिंतीवर. खाली आईनं भिंतीला लागून गवतीचहा, कर्दळ लावलेली, दरवर्षी खत-माती घालून वाफा प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या वर आलेला, रोज पाणी, म्हणजे खालून ओल चढणार. वाफा उकरला तर मागं वाळवीचे मातीचे पट्टे चौकटीकडं निघालेले. इतकी वर्षं आम्ही भिंतीला दोष देत होतो. त्या चोरांनी गच्चीवर पायसुद्धा ठेवला नव्हता, आणि जो माणूस गच्ची न बघता भिंतीचा भाव सांगतो त्याला दारातूनच परत पाठवा असं मी आता सगळ्यांना सांगतो.

मिस्त्रीनं घाई केली नाही. पाइपाच्या तोंडाला जाळी, भिंतीपासून दीड फूट वाफा मागं, भिंतीला घासणाऱ्या बारीक फांद्या तेवढ्या छाटल्या. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी, वीस मिनिटं ठेवून नायलॉनच्या ब्रशनं घासून धुतलं, झाडांच्या बुडाला आधी साधं पाणी सोडून ठेवलं. (ब्लीचिंगमधे संडास धुवायचं अ‍ॅसिड कुणी मिसळू नका, विषारी वायू निघतो.) मग दिवाळी होऊ दिली. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूनं टेपनं चिकटवून रात्रभर ठेवलं, सकाळी आतून, भिंतीकडच्या बाजूला थेंब होते, म्हणून परत तीन आठवडे थांबलो. उघड्या वाळूवर नव्यानं हात फिरवून तो गिलावाही वाळू दिला. जानेवारीत प्रायमर आणि दोन हात, बकेटी मी स्वतः पक्क्या बिलावर आणल्या, सील त्याच्यासमोर फोडलं. मजुरी त्यानं काम झाल्यावर घेतली.

पैशाचं म्हणाल तर पोलीस स्टेशनला अर्ज दिलाय, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनलाही बोललो. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंत फी लागत नाही, दोन वर्षाच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पण समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो, आणि माझ्याकडं आहे काय, एक बंद नंबर, "मेन रोड", आणि यूपीआयच्या पावतीवर त्या बाईचं नाव. त्या पावतीचा स्क्रीनशॉट, गॅरंटी कार्डाचा फोटो आणि भिंतीचे तारखेवार फोटो एवढं जपून ठेवलंय, बँकेकडून त्या खात्याची माहिती पोलिसांनी मागवावी म्हणून चकरा चालू आहेत.

परत मे येतोय आणि ही माणसं बरोबर मे मधेच फिरतात, पावसाला महिना असतो, भिंत कोरडी असते, काहीही मारलं तरी चकचकीत दिसतं. पिवळी मशीन, एक गोड बोलणारा, निळा कॅन. आपल्या भागात कुणाला दिसले तर गाडीचा नंबर तेवढा लिहून घ्या आणि मला कळवा, अर्जाला जोडायचाय.